मोजणीत आहेत, यादीत नाहीत

मार्च २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्राथमिक निवडणुकीत मी सांता आना शहरातल्या एका मतदान केंद्रावर मदतनीस होतो. गंमत म्हणजे तेव्हा मला स्वतःला मत नव्हतं. माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ग्रीन कार्डवाल्याला केंद्रावर काम करता येतं, मत देता येत नाही. पंगतीत वाढायला उभं राहायचं, पण आपल्या नावाचं पान नाही, असा तो प्रकार.

दुपारी एक मुलगी आली. नुकतीच अठराची झालेली. तिथेच नोंदणी करून मत द्यायचं होतं. तिचे वडील सोबत आले होते, पण दारापर्यंतच. रंगाचे शिंतोडे उडालेली टोपी हातात घेऊन ते बाहेर थांबले. दार सताड उघडं होतं, आत खुर्च्या रिकाम्या होत्या. मी हातानं ‘या’ म्हटलं. ते हसले, मान हलवली आणि माझ्या स्पॅनिश बोलणाऱ्या सहकारी बाईंना विचारलं, “इथे उभं राहिलं तर चालेल ना?” मुलीला वीसेक मिनिटं लागली. तेवढा वेळ त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

दर निवडणुकीनंतर इथे एक ठरलेला लेख येतो, लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या घरांतला मतदार, यंदाही बाहेर पडला नाही म्हणून. अमेरिकी वर्तमानपत्रांनी या मतदाराला झोपलेल्या महाकाय राक्षसाची उपमा देऊन ठेवली आहे. आपण कुंभकर्ण म्हटलं असतं. आकडे पाहिले तर उपमा पटतेही. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी मत दिलं, लॅटिनोंपैकी (सरकारी आकड्यांत ‘हिस्पॅनिक’) सुमारे ५४ टक्क्यांनी. पण कुंभकर्ण झोपला तो वरामुळे, हे आपण सोयीनं विसरतो. या ५४ टक्क्यांमागेही कायदा आहे, भीती आहे आणि पक्षांचा निव्वळ आळस आहे. यातलं काहीच त्या समाजाच्या रक्तात नाही. हे बघायला सांता आनासारखं दुसरं गाव नाही.

ऑरेंज काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, हे मुख्य ठिकाण. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०१५ चं अधिवेशन शेजारच्या अ‍ॅनाहाइमला झालं होतं, डिस्नेलँडही तिथलंच. त्यामुळे इकडे येऊन गेलेले मराठी लोक पुष्कळ, पण सांता आनात शिरलेले थोडे. वस्ती तीन लाख दहा हजारांच्या घरात, आणि चारातले तीन लॅटिनो, बहुतेक मेक्सिकन. चौथ्या रस्त्यावर मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाला घालायच्या घेरदार झग्यांची दुकानं आहेत. पश्चिमेला गाडीनं थोडं गेलं की गार्डन ग्रोव्ह आणि वेस्टमिन्स्टरमध्ये लिटल सायगॉन सुरू होतं. तिथल्या मुख्य रस्त्याचं नाव बोल्सा. हा स्पॅनिश शब्द आहे, पण दुतर्फा पाट्या व्हिएतनामी. खासदारकीच्या मतदारसंघाचा क्रमांक दर जनगणनेनंतर बदलत राहिला, म्हणून मी त्याला नुसतं ‘सांता आनाचा मतदारसंघ’ म्हणतो. बरीच वर्षं या दोन्ही वस्त्या, किंवा त्यांचे मोठे तुकडे, त्यात एकत्र होते.

या भागातलं वांशिक राजकारण काल-परवाचं नाही. १९४० च्या दशकात इथे मेक्सिकन मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. गोन्झालो मेंडेझ या शेतकऱ्याच्या मुलांना वेस्टमिन्स्टरच्या गोऱ्यांच्या शाळेनं प्रवेश नाकारला. त्यानं आणि इतर चार कुटुंबांनी दावा लावला आणि १९४७ मध्ये वरच्या कोर्टातही तो जिंकला. शाळांमधल्या वर्णभेदावरचा देशव्यापी निकाल यायला अजून सात वर्षं होती. मेंडेझ जे शेत कसत होता ते त्यानं एका जपानी कुटुंबाकडून खंडानं घेतलं होतं, कारण महायुद्धात सरकारनं त्या कुटुंबाला छावणीत डांबलं होतं. एकाच बांधावर दोन जमातींची दोन वेगळी दैना.

आता दाराबाहेरच्या त्या माणसाकडे येतो. १९८८ मध्ये याच शहरात राज्य विधानसभेची एक जागा अटीतटीची झाली. रिपब्लिकन पक्षाच्या स्थानिक मंडळींनी मतदानाच्या दिवशी वीसेक केंद्रांवर गणवेशातले खासगी सुरक्षारक्षक उभे केले. काहींच्या हातात इंग्रजी आणि स्पॅनिश फलक होते: नागरिक नसलेल्यांना मतदान करता येत नाही. वाक्य कायद्याला धरूनच होतं. पण ते गणवेशातल्या माणसानं, लॅटिनो वस्तीतल्या केंद्राच्या दारात धरायचं, यातला अर्थ कळायला कुणाला दुभाषा लागला नाही. उमेदवार कर्ट प्रिंगल नऊशेपेक्षा कमी मतांनी जिंकले. पुढे दावा झाला, तो चार लाख डॉलर देऊन मिटवला गेला. प्रिंगल नंतर विधानसभेचे सभापती झाले, अ‍ॅनाहाइमचे महापौरही झाले. पैसे भरून खटला मिटतो. दारात कुणीतरी उभं असतं ही आठवण मात्र घराघरात राहते, आणि ज्यानं ते पाहिलं नाही त्याच्यापर्यंतही पोचते.

मग १९९४ आलं. राज्यपाल पीट विल्सन यांची फेरनिवडणूक होती, आणि सोबत मतपत्रिकेवर १८७ क्रमांकाचा प्रस्ताव. कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळा नको, कागदपत्रं नसलेल्या कुणालाही तातडीची सोडून वैद्यकीय मदत नको. विल्सन यांच्या जाहिरातीत सीमेवरून धावत येणारी माणसं दाखवली होती आणि निवेदकाचा आवाज सांगत होता की ते येतच आहेत. ५९ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. कोर्टानं तो अडवला, पण घाव बसायचा तो बसला.

अर्थात, अपमान झाला म्हणून लोक मतदानाला लागले, एवढीच ही गोष्ट नाही. १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीनं झालेल्या कायद्यानं सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला होता. त्यांची ग्रीन कार्डं पिकून नागरिकत्वाला पात्र व्हायला नव्वदीचं मध्य उजाडलं. नेमकं तेव्हाच १८७ आलं. राग होताच, आता हातात अर्ज करण्याजोगा कागदही होता. १९९६ च्या एका आर्थिक वर्षात देशात दहा लाखांहून जास्त लोकांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. नुसत्या रागानं मतदार होत नाही, आणि नुसत्या कागदानंही नाही.

त्याच वर्षी सांता आनाच्या मतदारसंघात लोरेटा सँचेझ उभ्या राहिल्या. समोर बॉब डॉर्नन, अतिउजवे, तोंडाळ, वर्षानुवर्षं निवडून येणारे. दोनच वर्षांपूर्वी सँचेझबाई अ‍ॅनाहाइमच्या नगरपरिषदेला लोरेटा ब्रिक्सी या सासरच्या नावानं उभ्या राहून चांगल्या आपटल्या होत्या. त्याआधी त्यांची नोंद रिपब्लिकन पक्षात होती. १९९६ मध्ये माहेरचं आडनाव परत आलं, आणि त्या ९८४ मतांनी निवडून आल्या. आडनावाचं हे गणित मराठी वाचकाला मी काय समजावणार!

डॉर्नननी बोगस मतदानाची तक्रार केली. प्रतिनिधिगृहाच्या समितीनं स्थलांतर खात्याच्या याद्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि वर्षभराहून जास्त काळ चौकशी चालवली. फेब्रुवारी १९९८ मध्ये प्रकरण बंद झालं तेव्हा समितीच्या हिशेबात बेकायदा मतं होती ७४८. फरक ९८४ चा, म्हणून निकाल टिकला. डाव्या बाजूचे लोक हा आकडा बऱ्याचदा गिळतात. तो गिळू नये. ७४८ म्हणजे शून्य नाही. पण ती माणसं कोण होती तेही पाहावं. बऱ्याच जणांची नोंदणी एका स्थलांतरित संघटनेच्या नागरिकत्व-वर्गात झाली होती. मुलाखत पास झालेली, शपथविधीची तारीख यायची. साखरपुडा झाला, लग्न राहिलं, अशा अवस्थेत त्यांनी सही केली. चूक ती चूकच. काउंटीच्या ग्रँड ज्युरीनं मात्र कुणावरही आरोप ठेवले नाहीत. आणि या चौकशीत ज्या हजारो खऱ्या नागरिकांची नावं चाळणीतून गेली, त्यांना काय वाटलं असेल? आपल्याकडे मतदारयादीत ‘बाहेरच्यां’ची शोधाशोध सुरू झाली की पहिला घाम कुणाला फुटतो? ज्याचे कागद बरोबर असतात, पण आडनाव चुकीचं असतं, त्यालाच.

२००६ मध्ये तर कमाल झाली. या मतदारसंघातल्या सुमारे चौदा हजार स्पॅनिश आडनावांच्या नोंदणीकृत मतदारांना स्पॅनिशमध्ये पत्र आलं: तुम्ही स्थलांतरित असाल तर मत देणं गुन्हा आहे, तुरुंगात जाल, हद्दपार व्हाल. स्थलांतरित असून नागरिक झालेल्याला मत आहे, ही साधी गोष्ट पत्रानं पार पुसली. पत्र निघालं होतं सँचेझबाईंविरुद्ध उभ्या असलेल्या टॅन नुएन यांच्या प्रचार कार्यालयातून. ते स्वतः व्हिएतनाममधून आलेले. तपासात अडथळा आणल्याबद्दल पुढे त्यांना वर्षाहून एक दिवस जास्त तुरुंगवास झाला. स्वतः नावेत बसला की मागच्याला चढू द्यायचं नाही, ही जुनी माणूसजात आहे. इथे कुठल्याच वंशाला त्यातून सूट नाही.

माझ्या मते सगळ्यात बोलकी निवडणूक पुढच्याच वर्षी झाली, आणि तिची आठवण फार कमी लोक काढतात. फेब्रुवारी २००७, काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पर्यवेक्षक मंडळाची पोटनिवडणूक. पहिल्या विभागात सांता आनाही होतं, म्हणजे डोकी मोजली तर लॅटिनो भरपूर. पहिले दोन उमेदवार आले ट्रुंग नुएन आणि जॅनेट नुएन, दोघेही व्हिएतनामी, एकमेकांचे कुणी नाहीत. डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस मागे राहिला. फेरमोजणी, मग कोर्ट, आणि शेवटी जॅनेटबाई तीन मतांनी निवडून आल्या. तीन! लिटल सायगॉननं टपालानं मतपत्रिका भरून आधीच पाठवल्या होत्या. सांता आना तेव्हा आपापल्या शिफ्टला होतं.

यावर लगेच ऐकू येतं की व्हिएतनामी समाज जागरूक, शिस्तीचा. मेक्सिकनांना राजकारणात रस नाही. हे मी आपल्या मराठी गप्पांतही ऐकलंय, शेजारच्या अर्व्हाइन शहरातल्या गणपतीत, मोदक खाताना. मला ते अज्ञानाचं वाटतं. व्हिएतनामी माणूस १९७५ नंतर निर्वासित म्हणून आला. पहिली छावणी जवळच, कँप पेंडलटनच्या लष्करी तळावर. निर्वासिताला एका वर्षानं ग्रीन कार्ड मागता येतं आणि आल्यापासून पाच वर्षांत नागरिकत्व. सरकारनंच त्याच्या हातात कागद ठेवला, आणि तो ठेवला हे फार चांगलं केलं. मेक्सिकन आला शेतात, गवंडीकामाला, हॉटेलच्या मुदपाकखान्यात. मालकाला तो हवा होता, कायद्यात त्याच्यासाठी रांगच नव्हती. जिथे रांग आहे तिथे ती अशी: अमेरिकन नागरिकानं मेक्सिकोतल्या सख्ख्या भावासाठी अर्ज केला तर वीस वर्षांहून जास्त थांबावं लागतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत तारखा मोजणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको. त्यानंतरही नागरिकत्वाच्या अर्जाची फी सातशे डॉलरच्या वर, इंग्रजीची परीक्षा, कामाचे बुडालेले दिवस. एका समाजाला जिना मिळाला, दुसऱ्याला भिंत, आणि आपण त्यांच्या पायातला जोर तपासत बसलो.

ज्याला कागद मिळाला त्याचं काय? इथे पक्षांचा आळस येतो. प्रचाराची यादी मतदार नोंदणीच्या दप्तरातून निघते. कुणाला मत दिलं ते त्यात नसतं, पण कुठल्या निवडणुकीत दिलं ते असतं. गेल्या चारपैकी चार वेळा आला, त्याच्या दारावर थाप, त्याला फोन, त्याच्या पेटीत चकचकीत पत्रकं. एकदाच आला किंवा नवाच आहे, त्याच्याकडे पैसे घालवायचे नाहीत. कार्यकर्त्याच्या हातातल्या पत्त्यांच्या यादीत तीन घरं सोडून चौथं असतं. मग निकालानंतर हेच लोक विचारतात, मधली तीन घरं का आली नाहीत?

मतदारसंघाची आखणी हा आणखी एक भाग. अ‍ॅनाहाइममध्ये निम्म्याहून जास्त वस्ती लॅटिनो, पण परिषदेचे सगळे सदस्य सगळ्या शहरानं मिळून निवडायचे. त्यामुळे सत्ता फिरायची ती पूर्वेकडच्या टेकड्यांवरच्या सधन वस्तीभोवती. २०१२ मध्ये कोर्टात दावा झाला. त्याच उन्हाळ्यात पोलिसांच्या गोळीबारावरून शहर पेटलं. २०१४ मध्ये मतदारांनी वॉर्डपद्धत मान्य केली आणि २०१६ पासून ती लागू झाली. आपल्याकडे प्रभाग एकाचा की चौघांचा, यावर एवढी डोकेफोड का होते, ते इथे लख्ख दिसतं.

उजवीकडचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. मतदारसंघ आखताना सगळी डोकी मोजतात, नागरिक असो वा नसो. मग जिथे बिगरनागरिक जास्त, तिथल्या थोड्या मतदारांचं मत जड होतं. हा अन्याय नाही का? २०१६ मध्ये टेक्सासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की राज्यांना एकूण लोकसंख्या धरता येते. न्यायालयाचा निकाल मला पटतो, कारण खासदार फक्त मत देणाऱ्यांचा नसतो. शाळकरी पोराला मत नाही म्हणून त्याच्या गल्लीतला दिवा मोजायचा नाही का? आणि एच-वन-बीवर आलेला, अर्व्हाइनमध्ये कर भरणारा मराठी इंजिनिअरसुद्धा या मोजणीत आहे आणि यादीत नाही. बिगरनागरिक मोजू नका असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या काही जणांनी आधी स्वतःलाच वजा करून पाहावं. मात्र या मोजणीचा एक चटका आहे, तो २००७ मध्ये दिसला. दाराबाहेरच्या माणसाचं वजन मोजलं जातं, पण ते पडतं आत असलेल्याच्या पारड्यात. तो आतला शेजारी त्याचा असेलच असं नाही.

म्हणूनच वंशाच्या नावानं मत मागणं मला अपुरं वाटतं, कुणीही मागो. २०१० मध्ये व्हॅन ट्रॅन सँचेझबाईंविरुद्ध उभे राहिले, तेव्हा बाईंनी स्पॅनिश टीव्हीवर सांगितलं की व्हिएतनामी आणि रिपब्लिकन मिळून आपली जागा घेऊ पाहताहेत. ‘आपली’! चौदा वर्षं ज्यांनी सर्व मतदारांची प्रतिनिधी म्हणून पगार घेतला त्यांचं हे बोलणं. त्या सहज निवडून आल्या. लॉस एंजलिसचं प्रकरण तर आणखी वाईट. २०२१ मध्ये वॉर्डांच्या सीमा ठरवायला बसलेल्या लॅटिनो नेत्यांचं बोलणं कुणीतरी ध्वनिमुद्रित केलं, ते वर्षभरानं बाहेर आलं. परिषदेच्या अध्यक्ष नुरी मार्टिनेझ एका सहकाऱ्याच्या काळ्या मुलाबद्दल नको ते बोलल्या, आणि मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातल्या आदिवासी स्थलांतरितांना बुटके, काळे म्हणून हिणवलं. तेही लॅटिनोच, त्यांच्याच ‘समाजा’चे. मार्टिनेझबाईंना राजीनामा द्यावा लागला. एका मोठ्या छत्रीखाली सगळ्यांना घ्यायचं आणि आत पुन्हा रंग, उंची, गाव पाहून पाट मांडायचे. हे वाचून मराठी माणसाला नवल वाटलं, तर ते नवलच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सांता आनानं स्वतःलाच प्रश्न विचारला. डीडी नावाचा प्रस्ताव होता, बिगरनागरिकांनाही शहराच्या निवडणुकीत मत द्यावं का? सॅन फ्रान्सिस्कोत शाळा मंडळापुरतं ते आहे, मेरिलंडमधल्या टाकोमा पार्क या छोट्या गावात तीसेक वर्षांपासून पूर्ण नगरपालिकेसाठी आहे. सांता आनात दहातल्या जवळपास सहा जणांनी नाही म्हटलं. चारातले तीन लॅटिनो असलेल्या शहरात! त्याच दिवशी देशभरात लॅटिनोंच्या चाळीस टक्क्यांहून जास्त मतांनी ट्रम्प यांना पसंती दिली. ज्यांनी या मतांचा गठ्ठा बांधून ठेवला होता ते अजून सुतळी शोधत आहेत. घरभाडं, किराणा, पोराची नोकरी आणि हो, आपण रांगेतून आलो, दुसरा का नाही, हा रागही. हे सगळं लॅटिनो मतच आहे.

मी स्वतः डीडीच्या विरोधात होतो, आणि मित्रांशी यावरून भांडलोय. तत्त्व मला मान्य आहे. जो घरपट्टी भरतो, ज्याची पोरं इथल्या शाळेत जातात, त्याला नगरपालिकेत आवाज हवा. पण मत द्यायचं तर यादी लागते. नाव, पत्ता, आणि समोर ‘नागरिक नाही’ अशी खूण. ती यादी उद्या कुणाच्या टेबलावर जाईल? सात महिन्यांत उत्तर आलं. जून २०२५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात स्थलांतर खात्याच्या धाडी सुरू झाल्या आणि सांता आनातल्या केंद्र सरकारी इमारतीसमोर नॅशनल गार्डचे सैनिक उभे राहिले. मागच्या दारानं मत देण्यापेक्षा पुढचं दार रुंद करावं, असं माझं म्हणणं आहे. १९८६ सारखा एक कायदा, फीमध्ये सवलत, स्थानिक निवडणुका मोठ्या निवडणुकीच्याच दिवशी, आणि त्या सोडलेल्या तीन घरांवर थाप. यातल्या पहिल्या गोष्टीचा योग मला नजीकच्या काळात दिसत नाही. बाकीच्या तीन करायला कुणी अडवलेलं नाही.

त्या केंद्रावर बसल्यानंतर दोन वर्षांनी मी शपथ घेतली, मतदार झालो. पहिल्याच निवडणुकीत प्रचाराचा फोन आला. पलीकडचा मुलगा एकदम हिंदीत सुरू झाला, नमस्ते अंकलजी वगैरे. यादीत माझं आडनाव पाहून कुणीतरी ठरवलं असणार. मला गंमत सुचली, मी अस्सल मराठीत उत्तर दिलं, म्हटलं बोल बाबा, तुझा उमेदवार पाणीपट्टीचं काय करणार आहे? तो क्षणभर थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला. मग इंग्रजीत म्हणाला, “थांबा हं सर, आमच्याकडे तेलुगू बोलणारेही आहेत.”